दुधळीचा काढा

ठिपकी गायीच्या कासेला दगडी झाल्याचं सूमेयला कळलं ते दूध-स्टेशनवर, निम्म्या गावासमोर.

तीन दिवस पाऊस लागला होता. पर्वताकडून वारा यायचा, पाऊस आडवा मारायचा आणि अंगणातला चिखल गायींच्या गुडघ्यापर्यंत चढायचा. गोठ्यातला चिखल कितीही ओढला तरी गायी ओल्यातच बसत. चौथ्या दिवशी उघडलं. सूमेय पहाटेच ठिपकीला घेऊन स्टेशनच्या रांगेत उभी राहिली. गावातल्या गायी तिथल्याच यंत्रावर पिळल्या जात. पुढे सात गायी, मागे बारा.

स्टेशनच्या फान मालकाची भाची प्रत्येक गायीच्या पहिल्या चार धारा काळ्या वाटीत काढून बघे. तिनं ठिपकीच्या मागच्या उजव्या सडाला हात लावला आणि गायीनं पाय झाडला. पोरगी दचकून मागे सरली. पुन्हा वाकून तिनं धार काढली. वाटीच्या काळ्या बुडावर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे गोळे पडले आणि त्यांच्या भोवती पिवळट पाणी पसरलं.

"काकू," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हिला आत घेता येणार नाही."

तिनं आवाज हलका ठेवला होता, पण वाटी सगळ्यांना दिसली. मागच्या बाईनं आपल्या गायीची दोरी ओढून तिला दोन पावलं मागे नेलं. तिच्या मागच्यानंही नेलं. ठिपकीभोवती एकदम मोकळी जागा झाली.

फान मालक खिडकीतून बाहेर आला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्यालाही वर दूध-कंपनीला उत्तर द्यावं लागे. "घरी न्या, मानत्सांगच्या घरच्या वहिनी. सुया द्यायच्या असतील तर द्या, पण शेवटच्या सुईनंतर पाच दिवस इकडे आणायचं नाही. रेनच्या घरच्या औषध उतरलेल्या दुधानं अख्खा टँकर परत आला, ते माहीत आहे ना?"

ते सगळ्या शीयिंग गावाला माहीत होतं. रेनच्या घराचं नाव स्टेशनच्या पाटीवरून पुसलं गेलं होतं आणि आसपास दुसरं स्टेशन नव्हतं. त्यांच्या गायी महिन्याभरात खाटकाच्या गाडीत चढल्या होत्या.

सूमेय मान खाली घालून ठिपकीला परत घेऊन निघाली. रस्त्यात तिनं एकदाच हात मागे नेऊन कासेला लावला. कास तापलेल्या तव्यासारखी होती आणि आत दगड बसवल्यासारखी घट्ट. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तांबड्या गायीला असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी कास निळी पडली, तिसऱ्या दिवशी काळी, आणि चौथ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून तिला गावाबाहेर ओढत न्यावं लागलं. तो ओढल्याचा आवाज सूमेयच्या कानातून गेला नव्हता.

घरात चार गायी. दोन कालवडी गाभण होत्या, म्हातारी भाकड होत चालली होती. दुधाची म्हणावी अशी एकटी ठिपकी, तीही तिसऱ्या वेतात, नुकती व्यालेली. मुलगा यूलिन बाओथौ शहरात इमारतीच्या कामावर होता. घरी सूमेय, तिचा नवरा मानत्सांग, सून छ्याओलिंग आणि चाळीस दिवसांची नात दौदौ.

तालुक्याचा गुरांचा डॉक्टर छू दुपारी मोटारसायकलवर आला. त्यानं ठिपकीच्या मानेत सुई मारली, सडातून नळीनं औषध सोडलं आणि तीन दिवस हेच चालवलं. तीन दिवस ठिपकीचं सगळं दूध, चारही सडांचं, सूमेय बादलीत पिळी आणि अंगणाबाहेरच्या चरात ओती.

दुसऱ्या दिवशी ती ओतत असताना छ्याओलिंग बाळाला घेऊन दारात उभी होती.

"आई, चांगल्या सडांचं पण फेकायचं?"

"फेकायचंच. सुई एकदा रक्तात गेली की सगळ्या दुधात उतरते."

"वासराला पण नाही?"

"वासराला पण नाही. त्याचं पोट बिघडेल." सूमेयनं बादली चरात उपडी केली आणि काठ जमिनीवर आपटला. "जा आत, वारा लागेल बाळाला."

छ्याओलिंग थोडा वेळ चरातल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर छूनं कास दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "या जंतूंना माझ्या सुया पाठ झाल्यात. तो सड जाऊ द्या. ताप वर गेला तर गाय उभी आहे तोवर विका."

मानत्सांग दिवसातून मोजकी दहा वाक्यं बोलणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाटकाचा माणूस कुंपणापाशी उभा होता आणि त्याला कुणी बोलावलं हे सूमेयला विचारावं लागलं नाही. त्यानं कुंपणावरून हात घालून ठिपकीच्या पाठीचं हाड चाचपलं.

"अजून चार दिवसांनी नुसती कातडी उरेल, वहिनी."

"हात काढ," सूमेय म्हणाली.

"मी आपलं सांगितलं."

"ऐकलं. हात काढ."

तो गेल्यावर ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. ठिपकीचे कान लोंबले होते, नाक कोरडं पडलं होतं. तिच्यापुढचा मुरघासाचा चारा तसाच होता.

"युनकडे जाते," ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हातारा अजून जिवंत आहे का?"

"काल उन्हात बसलेला दिसला."

युन म्हातारा सामुदायिक शेतीच्या दिवसांत घोड्यांचा वैद्य होता. मंगोल घराण्यातला, पण मंगोल भाषा त्याच्या आजोबांनाच शेवटची येत होती. मोटारसायकलवाले डॉक्टर आले तसे त्याच्याकडे येणारे लोक आटले. सूमेय गेली तेव्हा तो भिंतीला टेकून बटाट्याचे कोंब काढत होता.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही, आजोबा. गायीला दगडी झालीय."

"म्हणजे मरायच्या आधी आलीस. बरं केलंस. बाकीचे मेल्यावर कातडं कसं काढायचं ते विचारायला येतात."

काठी टेकत तो आला. आधी ठिपकीच्या शेणाकडे बघितलं, मग कानाची मुळं धरली, मग खाली बसून कासेच्या त्या कप्प्यावर तळवा ठेवून बराच वेळ डोळे मिटून राहिला. ठिपकीनं पाय उचलला, पण झाडला नाही.

"निळी नाही पडली अजून," तो म्हणाला. "दुधळी लागेल. मुळासकट, फुलासकट. रोज टोपलीभर. सोनचांदीच्या वेलीच्या कळ्या दोन मुठी, कडू पडवळाची सुकी साल, ज्येष्ठमधाची बोटभर कांडी. ही तिन्ही माझ्याकडे आहेत. मोठ्या कढईत उकळायचं, निम्मं आटवायचं. बादलीभर काढा दिवसाला तीनदा मिळून पाजायचा. उरलेली दुधळी ठेचून ज्वारीच्या दारूत कालवायची आणि कासेला लेप द्यायचा. आणि दर दोन तासांनी तो सड पिळायचा. लाथ खाल्ली तरी पिळायचा. आतली घाण बाहेर नाही आली तर माझं गवत काय करणार?"

"बरी होईल?"

"मी देव नाही. निम्म्या होतात." तो उठला. "आणि कालव्याच्या कडेची उपटू नको. तिथं तणाचं विष मारलंय. पायथ्याला जा, जिथं मेंढ्या चरतात."

दुधळी तिकडे पायाखाली येणारी वनस्पती. दात्यांची पानं, पिवळं फूल, देठ मोडला की पांढरा चीक. वसंतात लोक तिची कोवळी पानं चटणीबरोबर खातात आणि पुढे वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही. सूमेय खुरपं आणि टोपली घेऊन पायथ्याला गेली. पावसानं माती मऊ झाली होती, तरी मुळं वीतभर खोल. ती ओणवी होऊन एकेक उपटत होती. प्रत्येक मूळ निघताना तिच्या मनात यायचं, आता घरी जाईन तेव्हा कास निळी असेल. टोपली भरेपर्यंत कंबर धरली होती, बोटं चिकानं काळी झाली होती.

कढई अंगणातल्या चुलीवर चढली. सूमेयनं सुनेला हाक मारली. "छ्याओलिंग, जाळ बघ. मी पिळायला बसते."

छ्याओलिंग आली. बाळ पाठीला बांधलेलं. ती हळू चालत होती आणि डावा हात अंगाशी धरून होती. सूमेयच्या ते नजरेला पडलं, पण मनात शिरलं नाही. तिचं सगळं मन त्या वेळी एका सडात होतं.

ठिपकीला पाजणं म्हणजे दोघांचं काम. मानत्सांग शिंगं धरून तिचं डोकं वर करी आणि सूमेय लांब मानेच्या बाटलीनं गालफडातून काढा सोडी. निम्मा आत जाई, निम्मा तिच्या बाहीत. काढा काळपट हिरवा, जिभेला लागला तरी तोंड कडू होऊन जाई. मग लेप. मग पिळणं. पहिल्यांदा सडातून काही निघेना. मग गोळे, मग दोऱ्यासारखी घाण, मग रक्ताळलेलं पाणी. ठिपकीनं दोनदा लाथ मारली. दुसरी सूमेयच्या मांडीवर बसली आणि तिथं बशीएवढा काळा डाग उठला. मानत्सांग म्हणाला, "मी पिळतो." सूमेय म्हणाली, "तुम्हाला नाही देणार ती." ते खरं होतं.

पहिला दिवस तसाच गेला. सूमेय दर थोड्या वेळानं उठून कासेचा रंग बघे. उन्हात बघे, सावलीत बघे, नवऱ्याला बोलावून दाखवी. "निळसर वाटते का?" "नाही." "नीट बघा." "बघितलं." जेवताना ओटच्या शेवयांना तिनं हात लावला नाही. छ्याओलिंगनंही वाटी तशीच ठेवली होती.

"तू का खात नाहीस? दूध कसं येईल?"

"खाते, आई."

दुसऱ्या दिवशी ठिपकीनं मूठभर मका खाल्ला. नाकावर थोडा ओलावा आला. पण आता सूमेयला दुसरीच शंका लागली. कढईतला काढा कमी होत होता. आटवून तिनं खुणेपर्यंत ठेवलेला असे आणि पिळून परत येईपर्यंत खूण दोन बोटं उघडी पडलेली असे. टोपलीतली ठेचायची दुधळीही उतरलेली वाटे.

धाकटी जाऊ फेंगश्यान भिंतीपलीकडे राहायची. तिच्या एका गायीच्या कासेलाही सूज होती हे सूमेयला माहीत होतं, आणि भिंतीत जायला-यायला वाट होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी खूण पुन्हा उघडी पडली. काढा अजून कोमट होता. सूमेय पळी हातात घेऊनच भिंतीच्या वाटेनं पलीकडे गेली. फेंगश्यान कपडे पिळत होती.

"हवा होता तर मागायचा," सूमेय म्हणाली.

"काय मागायचा?"

"काढा. तीन दिवस बघतेय मी. डोंगराखाली कंबर मी मोडायची आणि बाटल्या तू भरायच्या."

फेंगश्यानच्या हातातला कपडा तसाच राहिला. "वहिनी, उन्हात डोकं तापलंय तुझं. मी तुझ्या अंगणात पाय ठेवला नाही. माझ्या गायीला माझा नवरा मिठाच्या पाण्यानं शेकतोय."

"मग भुतं पितात?"

"भुतंच पीत असतील. अशा कडू घरात दुसरं कोण येणार?" ती वळली. मग परत फिरली आणि म्हणाली, "चोर म्हणून तोंडावर सांगायला आलीस. बरं झालं. लक्षात राहील."

भिंतीपलीकडच्या दोन बायका कान देऊन उभ्या होत्या. सूमेय परत आली. तिचे कान लाल झाले होते. अंगणात चुलीजवळ कुणी नव्हतं. जाळ विझत आला होता. आत दौदौ रडत होती. आता तिच्या ध्यानात आलं की ती बराच वेळ रडत असावी, घसा बसेपर्यंत.

"छ्याओलिंग," तिनं हाक मारली. "अगं, घे की तिला."

उत्तर आलं नाही.

ती आत गेली. छ्याओलिंग कांगवर, विटांच्या ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून निजली होती. जूनच्या दुपारी तिनं रजई ओढली होती आणि रजईखाली ती हुडहुडत होती. बाळ तिच्या पाठीमागे हातपाय झाडत होतं. ओट्याच्या कडेला तळाशी काळपट हिरवं पाणी राहिलेली वाटी होती.

सूमेय वाटीकडे बघत राहिली. मग तिनं सुनेला खांद्याला धरून वळवलं. छ्याओलिंगचे ओठ फुटले होते. तिनं सदऱ्याचा गळा मुठीत धरला.

"सोड."

"काही नाही, आई. दूध साकळलंय."

"हात सोड, पोरी."

सदऱ्याखाली फडकं होतं, फडक्यात ठेचलेली दुधळी. सूमेयनं ते काढलं आणि तळवा ठेवला. सहा दिवस तो तळवा दुसरं काही करत नव्हता. तीच आग. तोच आतला दगड. फक्त दगडाच्या मध्यावर एक जागा मऊ झाली होती, बोट दाबलं की आत बुडत होतं. तिथली कातडी तकतकीत, जांभळट. आणि तिथून एक लाल रेघ काखेकडे गेली होती.

ठिपकीसाठी सहा दिवस तिला जे वाटलं ते सगळं एका बाजूला पडलं. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही दूध फेकत होतात त्या दिवशी दुखायला लागलं."

"आणि हे पितेस? गायीचं?"

"आजोबा म्हणाले ना, कासेसाठी असतं." ती डोळे मिटून बोलत होती. "दिवसाला तीन वाट्या. पण जुलाब होतात, आई. उभं राहवत नाही."

सूमेय बाहेर धावली. मानत्सांग गोठ्यात होता. "तीनचाकी काढा," ती म्हणाली.

"ठिपकीला पाजायची वेळ..."

"तीनचाकी काढा म्हणते ना. पोरगी चाललीय हातातून."

मानत्सांगनं तिच्याकडे बघितलं आणि हातातलं टाकून धावला. दुधाचे कॅन वाहायची ती गाडी. त्यानं कॅन खाली फेकले, वर गवत पसरलं, गवतावर गादी. छ्याओलिंगला दोघांनी उचलून आणलं तेव्हा भिंतीच्या वाटेत फेंगश्यान उभी होती. आवाज ऐकून आली असावी. तिनं छ्याओलिंगचा चेहरा बघितला, सूमेयच्या हातातलं हिरवं फडकं बघितलं आणि सगळं समजली.

"गायीला कोण बघणार?" ती म्हणाली.

सूमेयनं गोठ्याकडे बघितलं.

"चोराच्या हातात गाय द्यायची असेल तर मी बघते. किती वेळानं पिळायचं?"

"दोन तासांनी," सूमेय म्हणाली. "मागचा उजवा."

"लाथ मारते?"

"मारते."

"मारू दे. तू जा."

तालुक्याचा रस्ता पावसानं उखडला होता. प्रत्येक खड्ड्याला छ्याओलिंगच्या तोंडून आवाज निघे आणि ती तो गिळे. सूमेय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, दुसऱ्या हातानं बाळाला धरून. मक्याची शेतं मागे जात होती. पर्वताच्या माथ्यावर पुन्हा ढग जमत होते. सूमेय त्या लाल रेघेकडे बघत होती. मघाशी ती काखेच्या अलीकडे चार बोटं होती. आता तीन वाटत होती. की मघाशीच तीन होती? तिनं नखानं कातडीवर खूण केली आणि मग त्या खुणेकडे बघायचं धाडस तिला होईना.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत," छ्याओलिंग म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ठिपकीला दिवसातून वीसदा हात लावून बघत होतात. मी म्हटलं, आधी गायीचं होऊ दे."

इंजिनाचा आवाज मोठा होता. मानत्सांगनं मागे वळून बघितलं नाही, पण त्याची मान आखडलेली सूमेयला दिसली.

थोड्या वेळानं छ्याओलिंग पुन्हा बोलली. "आणि सुई दिली की दूध टाकावं लागतं. चांगल्या सडांचं पण. वासराला पण नाही द्यायचं. मग दौदौ काय पिणार? टीव्हीवर ती भेसळीच्या पावडरीचं दूध प्यायलेली मुलं दाखवली ना वसंतात. डोकी मोठी आणि पाय काड्या."

सूमेयनं तोंडावर हात घेतला. हाताला दुधळीचा वास येत होता.

दवाखान्यात एक वयस्क बाई डॉक्टर होत्या. त्यांनी फडकं उलगडून बघितलं. "हे काय लावलंय?"

"दुधळी," सूमेय म्हणाली. "गायीसाठी आणलेली."

"पोटात पण घेतलंय?"

"रोज तीन वाट्या. गायीचाच काढा."

"गायीचं वजन किती आणि हिचं किती?" बाई म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी हात धुतले. "हे गवत वाईट नाही. माझी आईसुद्धा लावायची. पहिल्या दिवशी आला असतात तर मीही म्हटलं असतं, लावा आणि बाळाला त्याच बाजूला जास्त पाजा. पण आता आत पू झालाय. पू झाल्यावर पाला काय करणार? चीर द्यावी लागेल. रेघ बघितलीत का? उद्या आणलं असतंत तर मी तुम्हाला शहरात पाठवलं असतं, आणि तिथं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही."

छ्याओलिंगनं टेबलावरून मान उचलली. "बाई, दूध टाकावं लागेल का?"

"काय?"

"सुई दिल्यावर. माझं दूध टाकावं लागेल का?"

डॉक्टर बाईंनी स्टूल ओढलं आणि तिच्या तोंडाजवळ बसल्या. "नाही. मी देते ते औषध बाळाला चालतं. उजव्या बाजूला आजपासूनच पाज. डाव्या बाजूचं काही दिवस पिळून टाक, जखम भरली की तिकडूनही पाज. तू काय गाय आहेस का, टँकरमध्ये जायला?"

छ्याओलिंग रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

चीर देताना सूमेयला बाहेर काढलं. पडद्याआडून एकच आवाज आला, लांब, दातांमधून निघालेला. सूमेय बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली. दौदौ तिच्या सदऱ्यावर तोंड घासत होती, वाळलेल्या अंगावर दूध शोधत होती. मानत्सांग जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "यूलिनला फोन करू?"

"काय सांगणार?"

"खरं," तो म्हणाला.

"करा."

तीन दिवस त्या दवाखान्यात होत्या. पहिल्या दिवशी ताप उतरून पुन्हा चढला आणि सूमेय खाटेजवळून हलली नाही. पाणी प्यायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशी लाल रेघ फिकट झाली. तिसऱ्या दिवशी छ्याओलिंगनं राळ्याची पेज मागितली, वर अंडं मागितलं, आणि सूमेयनं दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जाऊन त्या माणसाला इतकं छळलं की त्यानं दोन अंडी दिली.

घरी आल्या तेव्हा फेंगश्यान गोठ्यातून बाहेर आली. तिचं कोपर खरचटलं होतं आणि केसांत भुसा होता. तिनं काळ्या पत्र्याची वाटी पुढे केली. बुडाशी पातळ, थोडं पिवळसर दूध होतं. गोळे नव्हते.

"सकाळपासून असंच येतंय," ती म्हणाली. "पण तो सड पहिल्यासारखा भरत नाही. युन आजोबा म्हणतात, चौथा हिस्सा गेला समज. पुढच्या वेताला बघू. गाय राहिली."

सूमेयनं वाटी बघितली. काही दिवसांपूर्वी ती त्या वाटीसमोर गुडघे टेकून बसली असती. आता तिनं ती फेंगश्यानला परत दिली.

"फेंगश्यान," ती म्हणाली, "त्या दिवशी मी..."

"त्यावर मी बोलणार आहे," फेंगश्यान म्हणाली. "वर्षभर बोलणार आहे. दर सणाला काढणार आहे. आज नको. आज माझे हात दुखतायत."

ती भिंतीच्या वाटेनं गेली. संध्याकाळी तिच्याकडून उकडलेल्या बटाट्यांची टोपली आली, निरोपाशिवाय.

बारा दिवसांनी टाके निघाले. डॉक्टर बाईंनी सांगितलं, आता डाव्या बाजूलाही पाजा. त्या दुपारी छ्याओलिंग कांगवर भिंतीला टेकून बसली. दौदौला तिनं मांडीवर घेतलं होतं, पण सदऱ्याला हात लावत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फाटलं तर?" ती म्हणाली.

"नाही फाटणार. भरलंय. बाईंनी बघितलंय."

"पुन्हा साकळलं तर?"

सूमेयला तिला सांगायचं होतं की नाही साकळणार. पण गेल्या पंधरा-वीस दिवसांत तिनं इतक्यांदा स्वतःलाच अशा गोष्टी सांगितल्या होत्या की तिच्या तोंडून ते निघेना. "साकळलं तर पहिल्या दिवशी सांग," ती म्हणाली. "मी विचारीनच. रोज विचारीन. कंटाळशील इतकं विचारीन."

ती सुनेच्या शेजारी ओट्यावर चढून बसली. छ्याओलिंगनं बाळाचं तोंड डाव्या बाजूला नेलं. दौदौनं दोनदा सोडलं आणि तिसऱ्यांदा धरलं. त्या क्षणी छ्याओलिंगनं सासूचं मनगट पकडलं. नखं आत रुतली. सूमेय हलली नाही.

बाहेरून मानत्सांगचा आवाज आला. "अगं, धारेची वेळ झाली. ठिपकीची कास तटलीय."

"तुम्ही काढा," सूमेय म्हणाली.

"मला देत नाही ती."

"मग शिका."

अंगणात बादली ठेवल्याचा आवाज आला, मग ठिपकीनं पाय आपटला, मग मानत्सांग तिला हळू आवाजात काहीतरी समजावू लागला. माणसांशी तो इतकं कधी बोलला नव्हता.

छ्याओलिंग डोळे घट्ट मिटून बसली होती. बाळ ओढत होतं, थांबत होतं, पुन्हा ओढत होतं. मनगटावरची पकड सैल झाली नव्हती. सूमेयनं दुसरा हात वर नेला आणि सुनेच्या कपाळावर तळवा ठेवून बघितलं. कपाळ थंड होतं. तरी तिनं तळवा लगेच काढला नाही.